भ्रूण रुजावं म्हणून लॅबमध्ये काय करतात? कोकणातल्या जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एम्ब्रिऑलॉजिस्ट आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात डॉक्टर स्त्रीबीज बाहेर काढतात, तिथपासून भ्रूण पुन्हा गर्भाशयात जाईपर्यंतचे पाच-सहा दिवस ते आमच्या हाती असतं. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, आणि आमच्याकडे येणाऱ्यांतली बरीच जोडपी चिपळूण, लांजा, कणकवली, कुडाळ अशा गावांची. डॉक्टरांसमोर तोंडातून न निघालेले प्रश्न बाहेर बाकड्यावर बसून मला विचारले जातात. तेच इथे घेतले आहेत. कुठल्या तंत्राने खरंच फरक पडतो आणि कुठलं फक्त बिलात वाढ करतं, हे पैसे भरायच्या आधी तुम्हाला कळावं, यासाठी हे लिहिते आहे.

"गर्भ चिकटला नाही" म्हणतात, तेव्हा आत नेमकं काय झालेलं असतं?

फलन झाल्यावर दुसऱ्या दिवशी भ्रूण साधारण चार पेशींचं असतं, तिसऱ्या दिवशी सहा ते आठ. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी आत पाण्याची पोकळी धरून त्याचं ब्लास्टोसिस्ट होतं. त्यात पेशींचा एक पुंजका असतो, त्याचं पुढे बाळ होतं. बाहेरच्या थरापासून वार तयार होते. या सगळ्याभोवती एक पारदर्शक कवच असतं. ते फोडून भ्रूण बाहेर येतं, गर्भाशयाच्या अस्तराला टेकतं, धरून राहतं आणि मग आत शिरतं. हे सगळं फलनानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान घडतं. अस्तरही महिनाभर तयार नसतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल सुरू झाल्यावर मोजके दिवसच ते भ्रूणाला आत घेतं.

यातली कुठलीही पायरी अडू शकते. पण सगळ्यात जास्त वेळा कारण भ्रूणातच असतं. त्यातल्या गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते आणि असं भ्रूण बहुतेकदा रुजत नाही, रुजलं तरी बऱ्याचदा पुढे गळतं. तिशीच्या आसपासच्या बाईच्या ब्लास्टोसिस्टमध्ये साधारण तीनातलं एक असं निघतं, चाळिशीत निम्म्याहून जास्त. हे कुणाच्या वागण्यामुळे होत नाही. "हिच्या अंगात उष्णता आहे, म्हणून गर्भ राहत नाही" हे वाक्य मी सासूबाईंकडून, शेजारणींकडून, कधी खुद्द त्या मुलीच्या तोंडूनही ऐकते. अंगातल्या उष्णतेचा इथे काहीही संबंध नाही. भ्रूण गर्भाशयात सोडण्याला ट्रान्सफर म्हणतात. ती फुकट गेली की दोष पहिला बाईच्या पिशवीवर येतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. घरात कुणी असं बोललं, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

मग लॅबमध्ये नक्की काय करता तुम्ही?

भ्रूणाला त्रास होऊ देत नाही. माझं निम्म्याहून जास्त काम हेच आहे, आणि बिलात ते कुठेही वेगळं दिसत नाही.

भ्रूण वाढतं त्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, तापमान ३७ अंश सेल्सिअस लागतं. कार्बन डायऑक्साइड ५ ते ६ टक्के ठेवतो, त्यामुळे द्रावणाची आम्लता (पीएच) ७.२ ते ७.४ च्या दरम्यान राहते. ऑक्सिजन मात्र ५ टक्केच. बाहेरच्या हवेत तो जवळजवळ २१ टक्के असतो, पण गर्भनलिकेत निसर्गाने तो कमीच ठेवलेला आहे, आणि भ्रूणाला तेवढाच मानवतो. कमी ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या भ्रूणांचे निकाल जास्त चांगले येतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. तरी तुमच्यापैकी किती जणांनी आजवर दवाखान्यात विचारलं असेल, की तुमच्याकडे कमी ऑक्सिजनचे इन्क्युबेटर आहेत का? "लेझर आहे का" हे मात्र सगळे विचारतात.

भ्रूण असतं ते द्रावणाच्या एका थेंबात, वर तेलाचा थर. तो थेंब आटू नये, गार पडू नये, त्याला उजेड कमी लागावा, यासाठी आमची सगळी धडपड. बशी बाहेर काढली की आम्ही मिनिटं मोजतो. हवा गाळून घेतो, कारण रंग, फिनेल, अत्तर यांतून हवेत उडणारी रसायनं द्रावणात उतरतात. म्हणून ट्रान्सफरच्या दिवशी सेंट, सुगंधी तेल लावून येऊ नका असं सांगतो. एकदा वेंगुर्ल्याकडची एक ताई ऐन मार्चात सुरंगीचा वळेसर माळून आली. घमघमाट जिन्यापासून येत होता. सिस्टरने तो हलक्या हाताने काढून ओल्या रुमालात बांधून बाहेर तिच्या आईकडे दिला. देवीचा प्रसाद होता, म्हणून आधी थोडी कुरकुर झाली, पण कारण सांगितल्यावर दोघींना पटलं. फुलं घरी माळा, लॅबच्या दारात नको.

पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते. लॅबची लाइट गेली तर?

हा प्रश्न कोकणातलंच माणूस विचारतं आणि तो अगदी रास्त आहे. इन्क्युबेटर बॅटरी-बॅकअपवर असतात, पाठीमागे जनरेटर असतो, आणि तापमान किंवा वायूचं प्रमाण जरा हललं की अलार्म वाजतो. गोठवलेल्या भ्रूणांच्या टाक्यांना तर वीज लागतच नाही. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो आणि टाकी दुहेरी भिंतीची, मध्ये निर्वात पोकळी असलेली असते. नायट्रोजन हळूहळू उडतो, तेवढा वेळच्या वेळी भरावा लागतो आणि पातळीची नोंद ठेवावी लागते. दवाखाना बघायला जाल तेव्हा जनरेटरबद्दल आणि या नोंदींबद्दल खुशाल विचारा. चांगल्या लॅबला असे प्रश्न आवडतात.

तिसऱ्या दिवशी सोडलेलं बरं की पाचव्या?

फलित बीजांपैकी साधारण निम्मी पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होतात, बाकीची वाटेत थांबतात. जी पोचतात ती निवडायला सोपी, आणि निसर्गतःही भ्रूण गर्भाशयात शिरतं ते याच सुमाराला. तिसऱ्या दिवशी ते अजून नलिकेत असतं. त्यामुळे एका ट्रान्सफरमागे मूल होण्याची शक्यता पाचव्या दिवशी जास्त असते.

पण हातात दोनच भ्रूण असतील, तर पाचव्या दिवसापर्यंत थांबण्यात एक धोका आहे. एकही पोचलं नाही तर ट्रान्सफरच होत नाही. गावाहून दोघं सामान बांधून, रजा टाकून आलेली असतात आणि सकाळी मला फोनवर सांगावं लागतं की आज येऊ नका. भ्रूण कमी असतील तर तिसऱ्या दिवसाचा विचार करण्यात कमीपणा नाही. किती भ्रूण आहेत ते बघून हे ठरतं, सगळ्यांना एकच नियम लागत नाही.

रिपोर्टमध्ये "४ एए" लिहिलंय. म्हणजे नक्की राहील ना?

आकडा सांगतो ब्लास्टोसिस्ट किती फुगलंय, १ ते ६. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं, दुसरं बाहेरच्या थराचं. ए सगळ्यात चांगलं. ४ एए म्हणजे दिसायला उत्तम. पण आम्ही वरून बघतो. पेटीतला हापूस रंग, देठ, वजन पाहून पहिल्या प्रतीत लागतो, आणि आत साका आहे की नाही ते कापल्यावरच कळतं. भ्रूणाच्या ग्रेडचं तसंच आहे. चांगल्या ग्रेडची रुजतात जास्त, हे खरं. तरी ४ एए न राहिलेलं आणि ३ बीबीचं सुदृढ बाळ झालेलं, दोन्ही आम्ही नेहमी बघतो. फोनवर ग्रेड ऐकून रडू नका आणि पेढेही वाटू नका.

लेझर हॅचिंग करून घ्यावं का?

भ्रूणाभोवतीच्या कवचाला लेझरने, काही मिलिसेकंदांत, बारीक छिद्र पाडायचं किंवा ते पातळ करायचं, म्हणजे भ्रूणाला बाहेर येणं सोपं जावं, अशी ही कल्पना. १९९० च्या सुमाराला ती आली. ऐकायला पटते, म्हणून तर ती इतकी विकली जाते. पण सरसकट सगळ्यांना करून मूल होण्याचं प्रमाण वाढतं, असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. जुळी राहण्याची शक्यता मात्र थोडी वाढू शकते, एकाच भ्रूणाचे दोन भाग होऊनसुद्धा. युरोपातल्या या क्षेत्रातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अशा जोड-उपचारांवर (मूळ उपचाराला वरून जोडायच्या तंत्रांवर) मार्गदर्शन दिलं, त्यातही हॅचिंग सरसकट करू नये असंच म्हटलं आहे.

कवच खूप जाड असेल किंवा चांगली भ्रूणं वारंवार रुजली नसतील, तर डॉक्टर ते सुचवतात. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पेशी काढायच्या असतील तर छिद्र पाडावंच लागतं. या पलीकडे "सगळ्यांचंच करतो" असं उत्तर मिळालं, तर माझ्यासाठी का, हे विचारा.

ते "ग्लू" काय असतं?

ट्रान्सफरच्या आधी भ्रूण ज्या द्रावणात ठेवतात, त्यात हायल्युरोनान नावाचा पदार्थ जास्त प्रमाणात घातलेला असतो. तो आपल्या गर्भाशयात आणि नलिकेतही असतोच. भ्रूण त्यात थोडा वेळ ठेवून त्याच थेंबासकट आत सोडतात. गोंद लावल्यासारखं ते कशाला चिकटवत नाही. द्रावण दाट होतं आणि भ्रूण-अस्तर यांच्या पेशींवर हायल्युरोनानला धरणारे रेणू असतात, त्यांची मदत होते असं मानतात. जोड-उपचारांत ज्याच्या बाजूने थोडाफार पुरावा आहे असं हे एक. खर्च फार वेगळा लावत नसतील तर घ्यायला माझी हरकत नाही. दोन भ्रूण सोडणार असाल तर जुळ्यांची शक्यता यानेही वाढते, एवढं लक्षात ठेवा.

फ्रोजन म्हणजे शिळं ना? ताजं सोडलेलं बरं नाही का?

मासळीबाबत आपण बरोबर असतो, इथे नाही.

आता जी पद्धत आहे, तिला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. पूर्वी हळूहळू गोठवत, तेव्हा पेशीत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फाटत. आता भ्रूणातलं पाणी काढून त्याजागी संरक्षक द्रावण भरतात आणि त्याला क्षणात उणे १९६ अंशांत बुडवतात. बर्फ व्हायला वेळच मिळत नाही, सगळं काचेसारखं स्थिर होतं. शेवटच्या दाट द्रावणात भ्रूण मिनिटभरच ठेवायचं असतं. त्या मिनिटात माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही. चांगल्या लॅबमध्ये शंभरातली नव्वदहून जास्त ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर जिवंत निघतात.

फायदा अस्तराला होतो. बीजं वाढवायच्या इंजेक्शनांनी त्या महिन्यात शरीरातली संप्रेरकं खूप चढलेली असतात, अस्तर वेळेच्या मागे-पुढे होतं. पुढच्या एखाद्या पाळीत, शरीर शांत झाल्यावर भ्रूण सोडता येतं. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या बायकांना याचा स्पष्ट फायदा दिसला आहे, आणि अंडाशय सुजून पोटात पाणी होण्याचा धोकाही खूप कमी होतो. नियमित पाळी येणाऱ्यांत मात्र ताजं आणि फ्रोजन जवळजवळ सारखंच ठरलं आहे. फ्रोजनमध्ये गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो, विशेषतः अस्तर फक्त गोळ्यांवर तयार केलं असेल तर. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक पाळीत ट्रान्सफर करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

भ्रूण गोठवून पुढच्या पाळीत सोडायची ही वाट भारतात एका माणसाने फार आधी चोखाळली होती. ब्रिटनमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ २५ जुलै १९७८ ला जन्मलं, आणि त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या उपचाराने एका मुलीचा जन्म झाला, तो गोठवलेल्या भ्रूणापासून. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, उलट चौकशी लावली. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत, परळच्या केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून बाळ जन्मलं, आणि ते देशातलं पहिलं म्हणून गाजलं. पण मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी वाचल्यावर १९९७ मध्ये पहिला मान त्यांचा आहे हे जाहीरपणे सांगितलं ते याच आनंदकुमारांनी. ज्या परळ-लालबागच्या चाळींत निम्मं कोकण राहत होतं, तिथल्या इस्पितळात आपल्याकडे हे शास्त्र रुजलं. आज फ्रोजनला शिळं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला मुखोपाध्यायांबद्दल सांगावंसं वाटतं.

गुणसूत्रांची तपासणी केली तर नक्की राहील ना? आणि मुलगा की मुलगी ते कळेल का?

ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातल्या पाच ते दहा पेशी काढून गुणसूत्रं मोजतात, भ्रूण तोवर गोठवून ठेवतात. नीट संख्या असलेलं भ्रूण सोडलं की गर्भपाताची शक्यता कमी होते. पण तपासणीने भ्रूण सुधारत नाही. जी आहेत त्यांतून निवड होते, एवढंच. तरुण बाईला, तीन-चार चांगली भ्रूणं असताना, ही तपासणी केल्याने अखेर मूल होण्याची शक्यता वाढत नाही, हे २०२१ च्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पस्तिशी-चाळिशीत, वारंवार गर्भपात झाले असतील, किंवा दोघांपैकी कुणाच्या गुणसूत्रांत दोष सापडला असेल, तर विचार करण्यासारखी आहे. थॅलेसेमिया, सिकलसेलसारखे आजार घरात असतील तर त्यांची तपासणी वेगळी, आणि ती खूप मोलाची.

मुलगा-मुलगी सांगितलं जाणार नाही. १९९४ चा लिंगनिवडविरोधी कायदा आणि २०२१ चा एआरटी कायदा (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठीचा), दोन्हींनी ते गुन्हा ठरवलं आहे. कुणी आडून सांगायची तयारी दाखवली तर त्या दाराने परत बाहेर या.

कॅमेऱ्याच्या इन्क्युबेटरचे जादा पैसे द्यावेत का?

त्यात दर काही मिनिटांनी भ्रूणाचा फोटो निघतो, दार उघडावं लागत नाही. आम्हाला काम करायला ते छान आहे. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत त्याने मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. लॅबकडे असेल तर उत्तम. त्यासाठी वेगळं बिल नको.

इरा टेस्ट, स्क्रॅचिंग, पीआरपी, सलाइनमधून चढवायचं ते पांढरं औषध?

ही लॅबची कामं नाहीत, पण "रुजण्यासाठी" म्हणून याच पानावर येऊन बसतात. इरा म्हणजे अस्तराचा तुकडा काढून ट्रान्सफरचा नेमका तास ठरवायचा. २०२२ च्या चाचणीत ७६७ स्त्रिया होत्या. इरा सांगेल त्या वेळी ट्रान्सफर केलेल्यांत ५८.५ टक्के जणींना मूल झालं, नेहमीच्या वेळी केलेल्यांत ६१.९ टक्के. अस्तर खरवडण्याचंही तसंच: २०१९ च्या चाचणीत १,३६४ स्त्रियांपैकी खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या दोन्ही गटांत २६.१ टक्के जणींना मूल झालं. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग गर्भाशयात सोडणं) आणि सलाइनमधलं पांढरं औषध (स्निग्ध पदार्थाचं इंट्रालिपिड) यांच्या बाबतीत भक्कम पुरावा नाही.

मला राग येतो तो इथे. पतसंस्थेचं कर्ज काढून, मंगळसूत्र सोडून बाकी सोनं गहाण ठेवून माणसं येतात. त्यांना चार-चार जोड-उपचार एकावर एक लावले जातात आणि "सगळं करून बघूया" म्हटलं जातं. त्याच पैशांत कित्येकदा आणखी एक फ्रोजन ट्रान्सफर झाली असती, आणि त्यातून मूल होण्याची शक्यता कितीतरी जास्त होती.

इक्सी केलं तर गर्भ चांगला चिकटतो का?

इक्सीत एक शुक्रजंतू सुईने बीजात सोडतात. शुक्रजंतू कमी किंवा मंद असतील तेव्हा फलन व्हावं म्हणून ते आहे. रुजण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

दोन सोडा ना डॉक्टर, खर्च एकदाच होईल!

हे मी दर आठवड्याला ऐकते. दोन सोडल्याने जुळ्यांची शक्यता वाढते, आणि जुळी बऱ्याचदा वेळेआधी येतात. आठव्या महिन्यात रात्री कळा सुरू झाल्या आणि तुम्ही देवगडच्या आतल्या वाडीत असलात, तर काचेच्या पेटीची सोय असलेलं इस्पितळ किती लांब आहे, तिथवर रस्ता कसा आहे, हे मला तुम्ही सांगा. दोन अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा खर्च वाचवलेल्या ट्रान्सफरच्या कित्येक पट होतो. चांगलं ब्लास्टोसिस्ट असेल तर एक सोडा, दुसरं गोठवून ठेवा.

ट्रान्सफरच्या वेळी आत काय घडतं?

भूल लागत नाही, दुखत नाही, लघवीची पिशवी तेवढी भरलेली लागते. तुमचं आणि यजमानांचं पूर्ण नाव तुमच्या तोंडून घेतलं जातं. ते मी बशीवरच्या नावाशी ताडते, दुसरी व्यक्तीही ताडते. कंटाळवाणं वाटेल, पण ते दोनदा विचारलं नाही तर तुम्ही हटकायला हवं. मग मऊ नळीत द्रावणाचा अगदी बारीक थेंब ओढते, त्यात भ्रूण, आगे-मागे हवेचा एकेक बुडबुडा. डॉक्टर सोनोग्राफीत बघत नळी गर्भाशयाच्या छतापासून दीड-दोन सेंटिमीटर अलीकडे नेतात आणि हलकेच सोडतात. पडद्यावर जो पांढरा ठिपका चमकतो तो बुडबुड्याचा. भ्रूण डोळ्यांना दिसत नाही. नळी माझ्याकडे परत येते, मी ती धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. भ्रूण नळीला चिकटून परत आलेलं असेल तर लगेच पुन्हा सोडता येतं. मी "क्लिअर" म्हणेपर्यंत डॉक्टर जागेवरून हलत नाहीत. ही साधी, हलक्या हाताची ट्रान्सफर रुजण्याला कुठल्याही महागड्या जोड-उपचारापेक्षा जास्त उपयोगी पडते.

"बाय, गाडयेत धक्के बसान गर्भ पडाचो नाय मां?"

नाही पडत. गर्भाशयाच्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, मध्ये भ्रूण असतं. उठल्याने, शिंकल्याने, लघवीला गेल्याने, जिना चढल्याने ते बाहेर येत नाही. ट्रान्सफरनंतर नुसतं पडून राहिल्याने फायदा होत नाही, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. कोकणकन्येने, मांडवीने, तुतारीने घरी जा. बसून प्रवास जमतो. आंबा, फोंडा, आंबोली, कुंभार्ली, कुठल्याही घाटातून गाडीने गेलात तरी चालतं. घाटात उलटीचा त्रास होत असेल तर मधे थांबत जा, एवढंच. गणपतीत तिकीट मिळणार नाही, त्या आठवड्याच्या तारखा आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

बीजं काढली त्या दिवसाचं वेगळं आहे. तेव्हा भूल दिलेली असते, त्या रात्री लांबचा प्रवास नको. नंतरच्या दिवसांत पोट फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली तर घाट ओलांडायची वाट न बघता जवळच्या इस्पितळात जा आणि तिथून आम्हाला फोन करा.

इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवा म्हणतात, पण लाइट नसली तर?

बीजवाढीची बरीच इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. खोक्यावर लिहिलेलं वाचा, कारण सगळ्यांना एकच नियम नाही. थर्मासच्या डब्यात बर्फाचे पॅक ठेवा, मधे जाड फडकं घाला आणि मग इंजेक्शन; बर्फाला थेट टेकून ते गोठलं तर वाया जातं. गावात मेडिकलवाल्याच्या फ्रिजला इन्व्हर्टर असतो, त्याच्याकडे ठेवून रोज एक आणणाऱ्या कितीतरी जणी आहेत. औषध गरम झालं अशी शंका आली तर गुपचूप टोचून घेऊ नका, विचारा.

पपई, फणस, अननस? मशेरी? आंगणेवाडीला जाऊ का?

पिकलेली पपई, फणस, अननस नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने भ्रूण रुजायचं थांबत नाही. कच्ची पपई टाळा. मासे खा, नाचणी खा, सोलकढी प्या.

मशेरी सोडा. हे मी हात जोडून सांगते. "मी तंबाखू खात नाही" असं सांगणारी बाई सकाळी मशेरी लावत असते, आणि ती तंबाखूच असते. तिच्यातून निकोटीन रक्तात जातंच, आणि तंबाखूने बीजाची प्रत व रुजण्याची शक्यता दोन्ही घटतात. यजमानांचा गुटखा आणि सिगरेटही शुक्रजंतू बिघडवतात. हजारो रुपयांच्या लेझरआधी हे फुकटातलं करा, शक्यतो उपचारांच्या तीन महिने आधीपासून.

भराडीदेवीला जा, गाऱ्हाणं घाला, ओटी भरा. रांगेत फार ताटकळू नका, आणि उपासाच्या नादात प्रोजेस्टेरॉनचा एकही डोस चुकवू नका.

टेस्ट कधी करायची?

ट्रान्सफरनंतर साधारण ९ ते १४ दिवसांनी, तुम्हाला दिलेल्या तारखेला, रक्तातून बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या संप्रेरकाची तपासणी. त्यासाठी मुंबई-कोल्हापूरला यायची गरज नाही. रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीला होते. आधीच घरी पट्टीवर बघू नका. बीजं पिकवायच्या शेवटच्या इंजेक्शनात एचसीजी असेल तर ताज्या ट्रान्सफरमध्ये ती खोटी पॉझिटिव्ह दाखवते, आणि फार लवकर केली तर खोटी निगेटिव्ह. निगेटिव्ह दिसली म्हणून औषधं बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत काहीही बंद नको.

चांगली भ्रूणं सोडूनही दोन-तीनदा राहिलं नाही. आता?

आता लॅबच्या बाहेरही बघायला हवं. गर्भनलिकेत पाणी साठलेलं असेल तर ते गर्भाशयात झिरपतं आणि भ्रूणाला मारक ठरतं. ती नलिका काढली किंवा बंद केली की निकाल सुधारतात. दुर्बिणीतून आत पॉलिप, गाठ, चिकटलेलं अस्तर दिसू शकतं. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोग विसरून चालत नाही. तो कित्येकदा काहीच लक्षण न देता अस्तर खराब करतो. थायरॉइड, साखर, दोघांच्या गुणसूत्रांची रक्ततपासणी, हेही त्यात आलं. हे सगळं नीट असेल तर पुढचं ट्रान्सफर करणं हाच बहुतेकदा योग्य उपाय असतो.

उरलेली भ्रूणं किती वर्षं ठेवता येतात?

कायद्याने दहा वर्षं. त्यानंतर ती नष्ट होऊ दिली जातात किंवा तुमच्या संमतीने संशोधनाला दिली जातात. दरवर्षी ठेवणावळ भरावी लागते. फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर कळवा. मुंबईची खोली सोडून गावी गेलेल्या जोडप्यांना शोधताना आमची फार तारांबळ उडते. उपचारांसाठी वयाची अटही आहे: बाई २१ ते ५०, पुरुष २१ ते ५५.

दवाखाना बदलायचा आहे. जुन्या ठिकाणाहून काय मागू?

मागायला संकोच करू नका, ते कागद तुमचे आहेत. औषधांचे डोस आणि सोनोग्राफीच्या नोंदी तर घ्याच, पण लॅबचा रिपोर्ट सगळ्यात आधी. त्यात किती बीजं मिळाली, त्यांतली किती पक्व होती, किती फलित झाली, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी किती उरली, ग्रेड काय, कुठली सोडली, कुठली गोठवली, हे तारखांसकट लिहिलेलं असावं. ट्रान्सफर सोपी गेली की अवघड, अस्तराची जाडी किती होती, कुठले जोड-उपचार केले, हेही लिहून घ्या. नवीन ठिकाणी २०२१ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघा; आयव्हीएफसाठी (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी) दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते, पहिल्या स्तराची फक्त वीर्य गर्भाशयात सोडण्याच्या उपचारापुरती असते. आणि लॅबमध्ये कायम कोण असतं ते विचारा. काही ठिकाणी एम्ब्रिऑलॉजिस्ट महिन्यातून ठरावीक दिवशी बाहेरून येतात आणि सगळ्यांची बीजं त्याच दिवसांत काढली जातात. तसं असेल तर तुमची तारीख तुमच्या शरीराप्रमाणे ठरते आहे की त्यांच्या फेरीप्रमाणे, हे पैसे भरण्याआधी स्पष्ट करून घ्या.